सुरांचा मेळ व यंत्रांचा मेळ

गायनाच्या बैठकीस आरंभ होण्यापूर्वीं जी एक क्रिया घडते तिच्याकडे श्रोत्यांचें लक्ष क्वचितच असतें. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळल्या जातात, घोडीवरील दोरा केसभर पुढें-मागें सरकविला जातो, तबलजी गट्ट्यांवर हातोडीचे बारीक ठोके देतो आणि पेटीवाला एकच पट्टी दाबून धरून सर्वांची वाट पाहतो. ह्या सर्व खटाटोपास आपण ‘वाद्यें लावणें’ असें म्हणतों. कोणी उतावळा श्रोता हा वेळ व्यर्थ गेला असें समजतो. परंतु ज्यास गाण्याचा कान आहे तो जाणतो कीं, पुढच्या दोन तासांचें सुख ह्या पांच मिनिटांवर अवलंबून आहे. वाद्य उत्तम असणें ही एक गोष्ट आणि वाद्यांचा एकमेकांशीं मेळ असणें ही दुसरी. पहिली पैशानें मिळते; दुसरी कष्टानें व समजुतीनें मिळवावी लागते.

ह्या मेळाचा प्रश्न हल्लीं एका नव्या रूपानें आपल्या मुलांपुढें उभा राहिला आहे. गाणें मुद्रित करण्यासाठीं पूर्वीं मुंबईपुण्याच्या मोठ्या स्टुडिओची पायरी चढावी लागे. आतां तें काम घरच्या खोलींत, एका संगणकावर होऊं लागलें आहे. माळेगांव बुद्रुक येथें आमच्या राहत्या घराच्या मागील अंगास अशी एक लहान खोली आहे. पूर्वीं तींत ज्वारीच्या कणग्या असत. आतां तिच्या भिंतींवर जुन्या गोधड्या टांगल्या आहेत, कारण प्रतिध्वनि खाणारा गोधडीसारखा स्वस्त पदार्थ दुसरा नाहीं. एक संगणक, एक माइक, माइकांतून येणाऱ्या आवाजाचे संगणकास समजतील असे आंकडे करणारा एक इंटरफेस, एक कीबोर्ड, दोन हेडफोन आणि ह्या सर्वांपेक्षां वयानें वडील अशी एक हातपेटी, एवढीच आमची सामग्री. शनिवारीं दुपारीं मुलें येतात. नाताळचीं गीतें, स्नेहसंमेलनांतील समूहगान, क्वचित् एखादें वक्तृत्वाचें भाषण येथें मुद्रित होतें. गळिताचा हंगाम चालू असला म्हणजे उंसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेंतून जेवढी शांतता पदरांत पडेल तेवढी साधावी लागते. गाणें कोणतें व गडगडाट कोणता हें माइकास कळत नाहीं.

ह्या खोलीची वार्ता ऐकून मुलांचे पालक आम्हांस रस्त्यांत थांबवून विचारतात, “सर, पोरानं रेकॉर्डिंगचा ध्यास घेतलाय. चांगल्यातला चांगला कॉम्प्युटर कोणता, तेवढं सांगा.” आम्ही सांगतों, “संगणकाचें मागाहून पाहूं. त्यास काय काय जोडावयाचें आहे तें आधीं सांगा.” हें उत्तर ऐकून प्रथम त्यांची थोडी निराशा होते. पण ज्यांनीं आपल्या रानांत ठिबक बसविलें आहे त्यांस आमचें म्हणणें समजावयास वेळ लागत नाहीं. पंप एका नामांकित कारखान्याचा, फिल्टर दुसऱ्याचा, नळी तिसऱ्याची, आणि प्रत्येक वस्तु आपल्या जागीं निर्दोष. तरी नळीचा व्यास एक व जोडाचा दुसरा असला तर पाणी उंसाच्या मुळाशीं न जातां बांधावर सांडतें. दोष पंपाचा नसतो, नळीचाही नसतो. दोष सांध्याचा असतो.

संगणकावरील ध्वनिमुद्रणांत असे सांधे चार ठिकाणीं येतात. पहिला माइक व इंटरफेस यांचा. कंडेन्सर जातीच्या माइकास बहुधा ४८ व्होल्टांचा पुरवठा लागतो. तो देण्याची सोय इंटरफेसांत नसेल तर माइक मुका राहतो. दुसरा इंटरफेस व संगणक यांचा. वायरीचें टोंक व संगणकाचें भोंक एकाच आकाराचें असलें तरी आंतील व्यवहार निराळा असूं शकतो. यूएसबी-सी आकाराच्या भोंकामागें कोठें साधी यूएसबी असते, तर कोठें थंडरबोल्ट. तिसरा सांधा डोळ्यांस दिसत नाहीं. त्यास ड्रायव्हर म्हणतात. इंटरफेस एक भाषा बोलतो व संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम दुसरी. ह्या दोघांमध्यें बसून एकाचें दुसऱ्यास सांगणारा दुभाषी तो ड्रायव्हर. चौथा सांधा ऑपरेटिंग सिस्टीम, ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम आणि त्या प्रोग्रामांत बसविलेले प्लगिन यांचा. प्रोग्राम ६४-बिट व प्लगिन जुन्या काळचा ३२-बिट असा जोड पडला तर बहुतेक ठिकाणीं प्लगिन उघडतच नाहीं.

ह्या चारांपैकीं तिसरा व चौथा सांधा निखळला म्हणजे काय होतें तें आम्हीं आमच्याच खोलींत पाहिलें आहे. २०१३ सालीं आमच्या मंडळींतील एका वृद्ध बाईचीं सात गीतें आम्हीं मुद्रित केलीं होतीं. प्रभु येशूच्या जन्माच्या ओव्या ती जात्यावरच्या चालीवर गात असे. ह्या ओव्या कोणत्याही पुस्तकांत नव्हत्या. तिच्या आईकडून तिला आल्या होत्या, आणि कांहीं तिच्या स्वतःच्या होत्या. तिचा आवाज एका पट्टीवर, पेटी दुसऱ्या पट्टीवर, ढोलकी तिसऱ्या पट्टीवर अशीं तीं गीतें वेगवेगळीं साठविलेलीं होतीं. पुढें ती बाई प्रभूच्या घरीं गेली. आमचा संगणकही थकला. नवा घेतांना विक्रेत्यास जुनी सर्व सामग्री लेखी कळवून विचारलें असतां, “सगळें चालेल, काळजी सोडा,” असें त्यानें सांगितलें. घरीं आणून जोडून पाहतों तों इंटरफेसचा हिरवा दिवा लागला, पण संगणक त्यास ओळखीना. नव्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठीं त्या यंत्राचा ड्रायव्हर कोणी लिहिलाच नव्हता. बनविणाऱ्यांस पत्र पाठविलें. उत्तर आलें कीं, आपलें यंत्र जुन्या मालिकेंतील आहे. कृपया नवें घ्यावें. यंत्रांत एक तारही तुटलेली नव्हती. दुभाषी निघून गेला म्हणून धडधाकट मनुष्य मुका ठरावा तशी त्याची गत झाली. ध्वनिमुद्रणाचा जुना प्रोग्रामही नव्या संगणकावर चालेना, आणि त्यामुळें त्या सात गीतांच्या फाइली डोळ्यांसमोर दिसत असूनही बंद पेटीसारख्या झाल्या.

अशा वेळीं निर्मात्यावर रागावून भागत नाहीं. ह्यांतून सुटण्याची वाट कोणती तें पाहिलें पाहिजे. ती वाट आहे. यूएसबीच्या नियमांत ‘ऑडिओ क्लास’ नांवाचा एक सामाईक करार आहे. जें यंत्र हा करार पाळतें त्यास निर्मात्याच्या खास दुभाष्याची गरज पडत नाहीं. ऑपरेटिंग सिस्टीमचा स्वतःचा दुभाषीच पुरतो. ह्या कराराची दुसरी आवृत्ति विंडोजनें २०१७ पासून आपल्या पदरीं घेतली. मॅक व लिनक्स येथें ती त्यापूर्वींच होती. बाजारांत अशा यंत्रास ‘क्लास कम्प्लायंट’ म्हणतात. दहा दिवे व वीस बटणें असलेल्या यंत्रापेक्षां हे दोन शब्द ज्याच्या खोक्यावर आहेत तें साधें यंत्र आम्ही मुलांस घ्यावयास सांगतों.

मेळ म्हणजे यंत्र नुसतें चालणें नव्हे. तें वेळेवर चाललें पाहिजे. इयत्ता आठवींतील एक मुलगी प्रथमच हेडफोन लावून गाऊं लागली आणि दोन ओळींतच थांबली. “सर, माझ्यामागून कुणीतरी गातंय,” असें ती म्हणाली. तो तिचाच आवाज होता; संगणकांतून फिरून परत येतांना त्यास उशीर होत होता. ह्या उशिराचें कारण आपल्या विहिरीवर आहे. वीज कधीं येते कधीं जाते, म्हणून शेतकरी मोटारीचें पाणी थेट पिकास न देतां आधीं हौदांत सांठवितो. हौद मोठा असला तर धार अखंड राहते, पण तो भरून पाणी पुढें सरकण्यास वेळ लागतो. हौद लहान असला तर पाणी लौकर पोंचतें, पण मोटार क्षणभर थांबतांच धार तुटते. संगणकांतील अशा हौदास बफर म्हणतात. एका सेकंदाच्या ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतले जात असतां २५६ नमुन्यांच्या बफरास सुमारें ५.८ सहस्रांश सेकंद लागतात, आणि १,०२४ नमुन्यांच्या बफरास सुमारें २३. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणजे २३ सहस्रांशांचा उशीर हा ढोलकीवाला आठ मीटर दूर बसविण्यासारखा आहे. शिवाय आवाजास जातांना एक हौद व येतांना दुसरा हौद ओलांडावा लागतो. जर्मनींतील स्टाइनबर्ग कंपनीनें १९९७ सालीं आसिओ नांवाची पद्धति काढली ती विंडोजमधील वाटेचे मधले टप्पे टाळून हा उशीर कमी करण्यासाठींच. गातांना हौद लहान ठेवावा, मागाहून पट्ट्या मिसळतांना मोठा करावा, हा नियम त्या मुलीनें एका दुपारींत आत्मसात केला.

मापाचा मेळ हा ह्याच्याही पुढचा प्रकार. सीडी १९८२ सालीं बाजारांत आली तेव्हां सेकंदास ४४,१०० नमुने हें तिचें माप ठरलें. चलच्चित्राच्या कामीं मात्र ४८,००० हें माप रूढ झालें. आज मुलें मोबाइलवर चित्र घेतात तें ४८,००० च्या मापाचें, आणि गीत मुद्रित करतात तें कधीं ४४,१०० च्या. प्रोग्रामानें माप ओळखून रूपांतर केलें तर ठीक. न ओळखतां एका मापाचें गीत दुसऱ्या मापानें वाजविलें तर साठ मिनिटांचें गाणें ५५ मिनिटें ७ सेकंदांतच आटोपतें, आणि सूर सुमारें दीड पट्टी चढतो. पांढरी चारमध्यें गायिलेलें नाताळचें गीत काळी तीन व पांढरी पांच यांच्या मध्यें कोठेंतरी लोंबकळूं लागतें. मग पेटी घेऊन बसणाऱ्यास कोणतीही पट्टी दाबली तरी बेसूरच वाटतें. येथें गाणारा चुकत नाहीं, पेटीही चुकत नाहीं. दोन मापांची गांठ कोणी घालून दिलेली नसते.

आतां अशी गांठ घालून देण्याचें काम मनुष्यानें एकदां किती चांगल्या रीतीनें केलें त्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. १९८० च्या सुमारास विजेच्या वाद्यांचे कारखाने अनेक होते व प्रत्येकाची जोडण्याची पद्धति निराळी होती. एका कारखान्याच्या कीबोर्डानें दुसऱ्याचें वाद्य सहसा वाजत नसे. जपानांतील रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेंतील सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ हे एका बाजारांतील प्रतिस्पर्धी. तरी त्यांनीं व इतर कांहीं कारखान्यांनीं मिळून एक सामाईक भाषा ठरविली. १९८३ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांतील एका व्यापारी मेळाव्यांत दोघांचीं वाद्यें एका वायरीनें जोडण्यांत आलीं, आणि एकावर दाबलेल्या पट्टीचा सूर दुसऱ्यांतून उमटला. ह्या भाषेचें नांव मिडी. तिच्या वापराबद्दल कोणाकडूनही शुल्क घ्यावयाचें नाहीं असें ठरलें होतें. पट्टी कोणती व किती जोरानें दाबली एवढेंच ती आंकड्यांत सांगते. सेकंदास ३१,२५० अंशांच्या वेगानें एका पट्टीचा निरोप पोंचण्यास जेमतेम एक सहस्रांश सेकंद लागतो. २०१३ सालीं ह्या दोघांस ग्रॅमीचें तांत्रिक पारितोषिक मिळालें. काकेहाशी २०१७ सालीं व स्मिथ २०२२ सालीं निवर्तले. २०२० सालीं मिडीची दुसरी आवृत्ति संमत झाली, तीही पहिलीची भाषा समजूं शकेल अशीच रचली आहे. चाळीस वर्षांपूर्वींचा कीबोर्ड आजच्या संगणकाशीं बोलतो तो कोणा एका कारखान्याच्या कर्तबगारीमुळें नव्हे. प्रतिस्पर्ध्यांनीं एका मेजाशीं बसून आपलेपणा थोडा थोडा सोडला म्हणून.

तथापि यंत्राचें यंत्राशीं जुळलें म्हणजे यंत्राचें गाण्याशींही जुळलेंच असें मात्र नाहीं. मिडीचा कीबोर्ड सप्तकाचे बारा समान भाग करतो. आपला गवई तसें करीत नाहीं. बारा समान भागांच्या पेटीवरील शुद्ध गंधार हा तंबोऱ्यांतून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षां एका पट्टीच्या सुमारें सातव्या हिश्श्यानें चढा असतो. हा वाद संगणकाच्या फार पूर्वींचा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांनीं १९१० नंतरच्या वर्षांत श्रुतींची पेटी करविली, आणि १९१६ सालीं बडोद्याच्या संगीत परिषदेंत तिच्यावर चर्चा झाली. पण ती सर्वमान्य झाली नाहीं. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियम आपल्या केंद्रांतून बंद केली. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. इतक्या वर्षांत घरोघरचें भजन, कीर्तन व नाटक मात्र पेटीवांचून चाललें नाहीं. कारण चतुर पेटीवाला गवयाच्या प्रत्येक सुरावर बोट ठेवीत नाहीं. जेथें आपली पट्टी खुपेल तेथें तो हात आंखडता घेतो. संगणकाच्या कीबोर्डावर सूर वळविण्याचें चाक असतें, आणि सुरांची जुळणी बदलण्याची सोयही कांहीं प्रोग्रामांत असते. पण कोठें हात आंखडावा हें शिकविणारें चाक अजून कोणी केलेलें नाहीं.

आम्हां ख्रिस्ती लोकांस तर हा धडा आपल्या उपासनेंतच मिळालेला आहे. पाश्चात्य मिशनरी आपल्याबरोबर आपल्या चाली घेऊन आले. त्या चालींत मराठी शब्द बसवितांना ऱ्हस्वाचें दीर्घ व दीर्घाचें ऱ्हस्व होई. शब्द खरे, चाल गोड, आणि दोहोंचा सांधा मात्र खुपे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं (१८६१–१९१९) ओवी, अभंग व भजन हें आपल्या मातींतलें साहित्य हातीं घेतलें, आणि मराठी मनुष्य मराठी तोंडानें प्रभूचें स्तवन करूं लागला. त्यांनीं जुन्या चालींचा द्वेष केला नाहीं. शब्द कोणत्या चालीशीं बोलतात तें त्यांनीं कान देऊन ऐकलें.

जात्यावरच्या ओवीचा विषय निघालाच आहे, तर आपल्याच पुणें जिल्ह्यांतील एका मोठ्या कार्याचा उल्लेख येथें करणें योग्य होईल. हेमा राईरकर व गी प्वातवाँ ह्या पुण्याच्या अभ्यासकांनीं खेड्यापाड्यांतील कार्यकर्त्यांच्या साह्यानें जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह केला. १,००० हून अधिक गांवांतील ३,००० हून अधिक स्त्रियांच्या मिळून १ लाखाहून अधिक ओव्या त्यांत आल्या. बर्नार बेल ह्या फ्रेंच संगणकतज्ज्ञानें १९९० नंतरच्या दशकांत त्यांपैकीं सुमारें १२० तासांचें ध्वनिमुद्रण केलें. प्वातवाँ २००४ सालीं व हेमाताई २०१० सालीं वारल्या. २०१७ पासून ‘पारी’ ही संस्था त्या ओव्या जगापुढें मांडीत आहे. ध्वनिमुद्रणाचीं साधनें त्या दशकांत कशीं होतीं पाहा. डॅट नांवाची लहान फीत १९८७ सालीं निघाली व उत्तम मुद्रणासाठीं सर्वत्र वापरांत आली. २००५ सालीं सोनी कंपनीनें तिचीं यंत्रें करणें थांबविलें. फीत शाबूत, आवाज शाबूत, पण ती फिरविणारें यंत्र दुर्मिळ, अशी अवस्था त्या फितींवर अवलंबून राहिलेल्यांची झाली.

ह्याच बेल यांनीं १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत, तबल्याचे अभ्यासक जेम्स किपन यांच्याबरोबर काम करीत असतां, ‘बोल प्रोसेसर’ नांवाचा प्रोग्राम ॲपलच्या तत्कालीन लहान संगणकावर तयार केला होता. तबल्याच्या बोलांचें व्याकरण संगणकास शिकवावें हा त्याचा हेतु. पुढें तो मॅकिंटॉशवर आला व मिडीच्या द्वारें वाद्यें वाजवूं लागला. २०१९ सालीं ॲपलच्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमनें ३२-बिट प्रोग्राम स्वीकारणें सोडलें, तेव्हां तो जुना बोल प्रोसेसर तीवर चालेनासा झाला. परंतु त्याचा मूळ मजकूर खुला होता. म्हणून तो नव्या रूपानें पुन्हां उभा करतां आला, आणि आज तो निरनिराळ्या जातींच्या संगणकांवर विनामूल्य चालतो. बंद पेटी आणि उघडें पुस्तक यांतील भेद ह्याहून स्पष्ट कोठें दिसेल?

आमच्या त्या सात गीतांचें पुढें काय झालें तें आतां सांगतों. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं बारामतीच्या एका दुरुस्तीच्या दुकानांतून जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचा एक संगणक आमच्यासाठीं मिळविला. त्यास इंटरनेट न जोडतां आमच्या जुन्या संगणकाची डिस्क बसविली. मुका इंटरफेसही लावला. जुना दुभाषी भेटतांच तो बोलूं लागला. इयत्ता नववीच्या तीन मुलांनीं चार शनिवार बसून एक एक गीत उघडलें. प्रत्येक पट्टी अगदीं शून्य क्षणापासून शेवटापर्यंत वेगळी काढून साध्या वेव्ह फाइलींत ठेविली. सर्व पट्ट्यांचा आरंभ एकाच क्षणीं असल्यामुळें त्या कोणत्याही प्रोग्रामांत शेजारीं शेजारीं ठेविल्या कीं आपोआप जुळतात. वेव्ह हें रूप १९९१ पासून प्रसिद्ध आहे, त्याचे नियम छापील आहेत, आणि आजही बहुतेक प्रत्येक प्रोग्राम तें वाचतो. सहा गीतें अशीं सुटलीं. त्या बाईची नात आमच्या शाळेंत आहे. पेटी-ढोलकीवेगळा आजीचा एकटा आवाज तिनें हेडफोनवर ऐकला. ओवीच्या मध्यें घेतलेला श्वास आणि हातांतील बांगड्यांचा आवाज त्यांत स्पष्ट ऐकूं येतो. मुलगी कांहीं बोलली नाहीं. हेडफोन काढून तिनें तो आपल्या आईच्या कानांस लावला.

सातवें गीत मात्र उघडलें नाहीं. त्यांत प्रतिध्वनीचा एक प्लगिन वापरलेला होता. तो प्रत्येक वेळीं इंटरनेटवरून आपला परवाना तपासून घेई, आणि परवाना देणारी कंपनीच बंद झाली होती. त्यामुळें प्रोग्राम त्या गीताशीं येतांच अडून बसे. त्या गीताची केवळ मिसळलेली प्रत राहिली आहे, आणि तींत शेवटच्या ओवीला पेटी आवाजावर चढली आहे. मिसळलेल्या ध्वनींतून आवाज वेगळा काढणारे प्रोग्राम हल्लीं निघाले आहेत. तोही उपाय करून पाहिला. पेटी बरीच दूर होते, परंतु तिच्याबरोबर श्वास जातो आणि बांगड्याही जातात. ती मिसळलेली प्रत आम्हीं आहे तशीच ठेविली आहे.

विद्यार्थिमित्रहो, ह्यावरून आम्हांस जें सांगावयाचें आहे तें थोडक्यांत असें. यंत्र घेतांना त्याच्या शक्तीपेक्षां त्याचा मेळ आधीं पाहावा. माइक, इंटरफेस, ऑपरेटिंग सिस्टीम व प्रोग्राम यांचीं नांवें व आवृत्त्या एका कागदावर लिहाव्या, आणि विकणाऱ्याच्या दुकानांतच तीं एकमेकांस जोडून वाजवून दाखविण्यास सांगावें. एखादें मोठें काम अर्ध्यावर असतां ऑपरेटिंग सिस्टीम बदलूं नये. ज्यांची ऐपत बेताची आहे त्यांनीं संकोच बाळगूं नये. ऑडॅसिटीसारखा प्रोग्राम २००० सालापासून विनामूल्य मिळतो आणि शाळेच्या जुन्या संगणकावरही बहुधा चालतो. काम संपल्यावर प्रत्येक पट्टी साध्या, खुल्या रूपांत वेगळी काढून ठेवावी, आणि तिच्या तीन प्रती दोन निराळ्या साधनांवर कराव्या. त्यांपैकीं एक दुसऱ्याच्या घरीं असावी. मराठी अक्षरांच्या बाबतींत तुमच्या शिक्षकांनीं हीच अडचण सोसली आहे. जुन्या फाँटांत टंकलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली म्हणजे निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसे. १९९१ सालीं युनिकोडमध्यें देवनागरीस स्थान मिळालें, आणि तो सामाईक करार जसजसा सर्वांनीं पाळला तसतशी ती रांगोळी पुसली गेली.

शुभवर्तमानांत नव्या द्राक्षारसाचा व जुन्या बुधल्यांचा दृष्टान्त आहे. बुधला व रस हे एकमेकांस मानवले नाहींत तर दोहोंचाही नाश होतो, हें प्रभूनें साध्या गृहस्थांस त्यांच्या घरांतल्या वस्तूंवरून समजाविलें. आमच्या पुढील कार्य त्याच्या उलट बाजूचें आहे: रस जुना आहे, तो आपल्या आज्यांनीं सांठविला आहे, आणि बुधले दर पांच-दहा वर्षांनीं बदलावे लागणार आहेत. ह्याचा कंटाळा करून चालणार नाहीं. येत्या नाताळास जीं गीतें ह्या खोलींत मुद्रित होतील त्यांच्या फाइलींबरोबर गाणाऱ्यांचीं नांवें, तारीख, पट्टी, लय आणि ध्वनीचें माप लिहिलेला एक साधा कागद मुलांनीं ठेवावयाचा आहे. तो कागद संगणकावांचूनही वाचतां येईल. पंचवीस वर्षांनीं त्या फाइली जो कोणी उघडील, त्यास गाणें कोणाचें व तें कसें जुळवावें हें विचारावयास आपल्यापैकीं कोणी जवळ असेलच असें नाहीं.